संकेतस्थळ : रुग्णालयाचे दुसरे प्रवेशद्वार

संस्थेच्या वार्षिक अहवालात आम्ही दरवर्षी खाटा, शस्त्रक्रिया, बाह्यरुग्ण विभाग, यंत्रसामग्री आणि देणग्या यांचा तपशील सादर करीत असतो. यंदा त्यासोबत एका अशा कामाची माहिती देत आहोत, ज्याचा अहवालात सहसा एखाद्या ओळीपलीकडे उल्लेख होत नाही. अहवाल वर्षात संस्थेचे संकेतस्थळ पूर्णपणे नव्याने बांधण्यात आले. विश्वस्तांच्या सभेत या खर्चाचा विषय निघाला तेव्हा एक रास्त प्रश्न विचारला गेला. देणगीदाराने औषधोपचारासाठी दिलेल्या रुपयातून संगणकाच्या पडद्यावरील पाने सजविण्यासाठी खर्च का करावा, असा तो प्रश्न होता. त्याचे उत्तर देणे हे आमचे कर्तव्य आहे, आणि ते केवळ विश्वस्तांनाच नव्हे, तर देणगीदारांना आणि रुग्णांच्या नातेवाइकांनाही द्यावयास हवे. यास्तव हा लेखप्रपंच.

कामाचे निमित्त

दोन वर्षांपूर्वी पुण्याबाहेरील एका गावातून एक दांपत्य रुग्णालयात आले होते. पत्नीवर तातडीची शस्त्रक्रिया करावयाची होती. पती पूर्णतः दृष्टिहीन, परंतु मोबाइल वापरण्यात चांगले वाकबगार. पडद्यावरील मजकूर मोठ्याने वाचून दाखविणारी सोय आता बहुतेक सर्व स्मार्टफोनमध्ये मूळचीच असते, तिच्या साहाय्याने ते आपले सर्व व्यवहार करीत. रुग्णालयात येण्याच्या आदल्या रात्री त्यांनी आमचे संकेतस्थळ उघडून खर्चाविषयी काही माहिती मिळते का, हे पाहिले.

माहिती तेथे होती. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ कक अन्वये, आणि मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मान्य केलेल्या योजनेनुसार, धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवाव्या लागतात. त्यासाठी एकूण देयकांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा केली जाते. या योजनेची सूचना आमच्या संकेतस्थळावर अनेक वर्षे झळकत होती. मात्र ती मजकूर म्हणून टाइप केलेली नव्हती. नोटीस बोर्डावरील कागद स्कॅन करून त्याचे चित्र तेथे लावलेले होते. डोळसांना त्यातील अक्षरे दिसत. फोनच्या दृष्टीने ते केवळ एक चित्र होते आणि त्या चित्रापाशी येऊन फोन फक्त ‘इमेज’ एवढेच म्हणत होता.

त्या गृहस्थांनी गावातील पतसंस्थेकडून कर्ज काढून अनामत रक्कम भरली. तिसऱ्या दिवशी आमच्या समाजसेविकेशी बोलताना ते योजनेस पात्र असल्याचे निष्पन्न झाले. कागदपत्रे पूर्ण झाली, अनामत परत देण्यात आली. परंतु कर्जावरील व्याज आणि तीन दिवसांची काळजी आम्हांला परत करता आली नाही. ‘माहिती लावलेली होती’ असे आम्ही कागदोपत्री म्हणू शकत होतो. प्रत्यक्षात ती त्यांच्यापर्यंत पोहोचलीच नव्हती. ही चूक आमची होती, आणि ती मान्य करूनच पुढील कामास आरंभ झाला.

मंडईकडून शिकण्यासारखे

आमचे रुग्णालय मंडई परिसरात आहे. बाहेरगावचा नातेवाईक पत्ता विचारतो तेव्हा ‘मंडईच्या मनोऱ्यापाशी या, तेथून जवळच आहे’ असेच आम्ही सांगतो. सप्टेंबर २०२४ पासून भुयारी मेट्रोचे मंडई स्थानक सुरू झाले असले, तरी वर आल्यावर माणसाची नजर प्रथम त्या मनोऱ्याकडेच जाते. १८८६ साली रे मार्केट या नावाने सुरू झालेल्या या वास्तूचा मध्यभागी अष्टकोनी मनोरा आणि त्यापासून निघालेल्या लांब पाखा अशी रचना आहे. नवख्या माणसालाही मध्य कोठे व कडा कोठे, हे पाटी न वाचता कळते. वास्तू देखणी आहे आणि वापरण्यास सोपीही आहे. या दोन गुणांत तेथे विरोध नाही.

आत शिरल्यावर आणखी एक गोष्ट ध्यानात येते. विक्रेता भाव पाटीवर लिहितो आणि तोंडाने पुकारतोही. ज्याला ऐकू येत नाही तो पाटी वाचतो, ज्याला दिसत नाही तो आवाज ऐकतो, आणि ज्याला वाचता येत नाही त्याचीही अडचण होत नाही. एकच माहिती दोन वाटांनी दिली जाते. हिरव्या पालेभाजीशेजारी लाल टोमॅटो मांडणे हे केवळ हौसेपोटी नसते, त्यामुळे गिऱ्हाइकाला लांबूनही माल वेगळा ओळखू येतो. संकेतस्थळाच्या सुगम्यतेविषयी आम्ही पुढे जे काही वाचले व समजून घेतले, त्याचा बराचसा गाभा या दोन निरीक्षणांत सामावलेला आहे असे आम्हांस वाटते.

या वास्तूच्या इतिहासात आमच्या विश्वस्तांच्या प्रश्नाचेही मूळ सापडते. पुणे नगरपालिकेचे सदस्य असताना महात्मा जोतीराव फुले यांनी या बाजाराच्या बांधकामावरील मोठ्या खर्चास विरोध केला होता. लोकांच्या पैशाची गरज शिक्षणासारख्या कामाला अधिक आहे, अशी त्यांची भूमिका होती. पुढे याच मंडईस त्यांचे नाव देण्यात आले. सार्वजनिक पैशातून शोभेचा खर्च करू नये, हा त्यांचा आग्रह आम्हांस शिरोधार्य आहे. म्हणूनच संकेतस्थळावरील प्रत्येक खर्चाच्या बाबीस आम्ही एकच कसोटी लावली. याने एखाद्या रुग्णाची पायपीट, पैसा किंवा काळजी वाचेल काय? ज्या बाबीचे उत्तर ‘नाही’ असे आले, ती वगळण्यात आली.

पडद्यामागचे आणि पडद्यावरचे काम

संकेतस्थळाचे ढोबळ मानाने दोन भाग असतात. एक भाग दूरवरच्या संगणकात असतो. तेथे नोंदी साठविल्या जातात व हिशेब ठेवले जातात. दुसरा भाग वापरणाऱ्याच्या पडद्यावर उभा राहतो. मजकूर, रंग, बटणे, फॉर्म आणि मेनू हे सर्व त्यात येते. या दुसऱ्या भागाच्या बांधणीस संगणक क्षेत्रात फ्रंट-एंड असे म्हणतात. आमच्या बाबतीत दोष होता तो या भागात.

फ्रंट-एंडचे काम तीन साधनांनी होते. एचटीएमएल हे मजकुराची रचना सांगते. हे शीर्षक, हा परिच्छेद, ही यादी, हे बटण, असे ते नोंदविते. सीएसएस हे रूप ठरविते. अक्षराचा आकार, रंग, समास आणि मोकळी जागा त्यात येतात. जावास्क्रिप्ट हे हालचाल घडविते. बटण दाबल्यावर काय उघडावे आणि चुकीची तारीख भरल्यास काय सांगावे, हे त्याचे काम.

यातील पहिल्या दोहोंमधील भेद समजण्यास हिशेबाच्या वहीचे उदाहरण उपयोगी पडेल. खतावणीत प्रत्येक खात्याचे शीर्ष ठरलेले असते आणि रक्कम योग्य रकान्यातच लिहावी लागते. एखाद्या कारकुनाने रक्कम कोठेही लिहून ती ठळक शाईने अधोरेखित केली, तर पाहणाऱ्याला ती महत्त्वाची वाटेल, पण ताळेबंद जुळणार नाही. आमच्या जुन्या संकेतस्थळावर नेमके हेच झाले होते. ‘बाह्यरुग्ण विभागाच्या वेळा’ हे शब्द मोठ्या व ठळक अक्षरांत होते, परंतु ते शीर्षक आहे अशी नोंद आत केलेली नव्हती. दृष्टिहीन व्यक्ती स्क्रीन रीडर या वाचक-प्रणालीच्या साहाय्याने पान ऐकते, तेव्हा ती प्रथम एका शीर्षकावरून पुढच्या शीर्षकावर उड्या घेते. आपण वर्तमानपत्रावरून नजर फिरवितो, तसाच हा प्रकार आहे. शीर्षकांची नोंदच नसेल, तर तिला संपूर्ण पान पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत ऐकावे लागते. नव्या संकेतस्थळावर प्रत्येक शीर्षकाची व यादीची योग्य नोंद केली आहे, आणि बटण म्हणून जे दिसते ते आतही बटणच आहे. या कामास वेगळ्या यंत्राची गरज नसते. काळजीपूर्वक केलेली नोंद पुरते.

मराठी अक्षरांचा प्रश्न

इंग्रजी संकेतस्थळांपुढे सहसा नसणारी एक अडचण मराठीपुढे होती. पूर्वी मराठी मजकूर ज्या फाँटमध्ये टाइप होई, त्यांत संगणकाच्या लेखी इंग्रजी अक्षरेच साठविली जात. केवळ त्यांचे दृश्य रूप देवनागरी असे. छापील कागदासाठी ही युक्ती उत्तम चालली. परंतु तोच मजकूर संकेतस्थळावर गेला, की ज्याच्याकडे तो फाँट नसेल त्याला निरर्थक इंग्रजी अक्षरांची रांग दिसे, शोधयंत्राला तो सापडत नसे, आणि स्क्रीन रीडर ती निरर्थक रांगच वाचून दाखवी.

यावरील उपाय म्हणजे युनिकोड. या प्रमाणात देवनागरीतील प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक असतो. १९९१ पासून प्रसिद्ध होत आलेल्या या प्रमाणातील देवनागरीची मांडणी इस्की या भारतीय प्रमाणावर आधारलेली आहे. भारतीय भाषांना संगणकावर आणण्याच्या कामात १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेचा मोठा वाटा आहे, याचा पुणेकर म्हणून आम्हांस अभिमान वाटतो. आमच्या संकेतस्थळावरील जुन्या फाँटमधील सर्व मजकूर या वर्षात युनिकोडमध्ये आणला गेला. यंत्राने रूपांतर केल्यावर जोडाक्षरांत चुका राहतात, म्हणून औषधांच्या सूचना असलेली पाने कर्मचाऱ्यांनी ओळ न् ओळ तपासली.

दुसरी बाब भाषेच्या खुणेची. पान मराठी आहे, अशी एक छोटीशी खूण एचटीएमएलमध्ये द्यावी लागते. ती नसेल, तर वाचक-प्रणाली मराठी मजकूर हिंदी किंवा इंग्रजी आवाजात वाचू लागते. ‘चार’मधला च आणि ‘चाकू’मधला च यांतील फरक त्या आवाजाला कोठून कळणार? तीच खूण दिल्याने, फाँटमध्ये सोय असल्यास, ल आणि श यांची मराठी वळणाची रूपेही पडद्यावर आपोआप येतात.

तिसरी बाब ओळींमधील अंतराची. देवनागरीत वर वेलांट्या व मात्रा आणि खाली उकार येतात. इंग्रजीसाठी ठरविलेले अंतर मराठीस अपुरे पडते आणि वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफारास जाऊन भिडतो. अक्षराच्या उंचीच्या निदान दीडपट अंतर आम्ही सर्वत्र ठेवले आहे. चाळिशी ओलांडलेल्या वाचकास हा फरक तत्काळ जाणवतो.

रंग, आकार आणि हालचाल

जगभरातील संकेतस्थळांसाठी वर्ल्ड वाइड वेब कन्सोर्टियम या संस्थेने सुगम्यतेची मार्गदर्शक तत्त्वे तयार केली आहेत. त्यांची पहिली आवृत्ती १९९९ साली, दुसरी २००८ साली, आणि तिच्या सुधारित आवृत्त्या २०१८ व २०२३ साली प्रसिद्ध झाल्या. पानावरील गोष्ट जाणवली पाहिजे, वापरता आली पाहिजे, समजली पाहिजे, आणि निरनिराळ्या साधनांवर टिकली पाहिजे, ही या तत्त्वांची चार सूत्रे आहेत.

त्यांतील काही मोजमापे सर्वसामान्यांसही समजतील अशी आहेत. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातील फरक एका गुणोत्तरात मोजतात. पांढऱ्यावर काळे अक्षर म्हणजे २१ : १, हा सर्वांत मोठा फरक. साध्या मजकुरासाठी हे गुणोत्तर निदान ४.५ : १ आणि मोठ्या अक्षरांसाठी निदान ३ : १ असावे, असे तत्त्वे सांगतात. आमच्या जुन्या संकेतस्थळावर वरच्या बाजूस केशरी पट्टी होती व तीवर पांढरी अक्षरे होती. संगणकावर राष्ट्रध्वजासाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या केशरी रंगावर पांढरे अक्षर घेतले, तर गुणोत्तर २.१ : १ च्या आसपास येते. त्याच केशरीवर काळे अक्षर घेतले, तर ते ९.८ : १ होते. पट्टी आम्ही तशीच ठेवली, अक्षरे मात्र काळी केली. मोतीबिंदू झालेल्या आजोबांना आणि भर उन्हात मंडईच्या चौकात उभे राहून फोन पाहणाऱ्या त्यांच्या नातवालाही आता ती पट्टी वाचता येते.

रंग ही माहिती देण्याची एकमेव वाट असू नये, हेही एक सूत्र आहे. पूर्वी डॉक्टरांच्या वेळापत्रकात उपलब्ध वेळ हिरव्या रंगात आणि भरलेली वेळ लाल रंगात दाखविली जाई. ज्यांना लाल व हिरवा यांतील भेद कळत नाही, त्यांच्या दृष्टीने ते सर्व कोष्टक एकरंगी होते. आता रंगासोबत ‘उपलब्ध’ आणि ‘भरली’ हे शब्दही असतात.

बटणांच्या आकाराविषयी २०२३ च्या आवृत्तीत निदान २४ बाय २४ पिक्सेल असा नियम आहे. कंपवात असलेल्या किंवा हाताला पट्टी बांधलेल्या रुग्णाच्या दृष्टीने हेही लहानच. म्हणून याच तत्त्वांतील वरच्या पातळीचे ४४ बाय ४४ हे माप आम्ही महत्त्वाच्या सर्व बटणांना लावले आहे.

हालचालीविषयी रुग्णालयाने विशेष दक्ष असावयास हवे. १९९७ च्या डिसेंबरात जपानमध्ये ‘पोकेमॉन’ या कार्टून मालिकेच्या एका भागात लाल व निळा प्रकाश वेगाने लुकलुकताना दाखविला गेला आणि शेकडो मुलांना रुग्णालयात न्यावे लागले. एका सेकंदात तीनपेक्षा अधिक वेळा काहीही लुकलुकू नये, असा सुगम्यतेचा नियम आहे. आपोआप हलणारी गोष्ट पाच सेकंदांहून अधिक काळ चालत असेल, तर ती थांबविण्याची सोयही हवी. आमच्या मुख्य पानावर सरकणारी छायाचित्रे आणि ‘नवीन’ असे लुकलुकणारे अक्षर होते. दोन्ही काढून टाकण्यात आली. याबद्दल एकाही रुग्णाची तक्रार आलेली नाही.

छायाचित्रे आणि फॉर्म

छायाचित्रे मात्र आम्ही काढली नाहीत. त्यांच्यामागे वर्णनाचा मजकूर जोडला. हे वर्णन कसे असावे, याचा आम्ही बराच विचार केला. ‘रुग्णालयाची इमारत’ एवढे लिहून भागत नाही. ‘मुख्य प्रवेशद्वार, डावीकडे चार पायऱ्या, उजवीकडे चाकाच्या खुर्चीसाठी उतार’ असे लिहिले, तर ऐकणाऱ्याला उपयोग होतो. जे चित्र केवळ शोभेचे असेल, त्याचे वर्णन रिकामे ठेवावे, म्हणजे ऐकणाऱ्याचा वेळ जात नाही. स्कॅन केलेल्या सर्व सूचना, दरपत्रके आणि निर्धन रुग्ण योजनेची माहिती आता साध्या मजकुराच्या स्वरूपात आहे. त्या योजनेचा दुवा प्रत्येक पानाच्या आरंभीच ठेवला आहे.

भेटीची वेळ घेण्याचा फॉर्म हा सर्वाधिक वापरला जाणारा भाग. पूर्वी रकान्याचे नाव रकान्याच्या आतच फिकट अक्षरांत असे आणि टाइप करू लागताच नाहीसे होई. वयोवृद्धांना आपण नाव लिहीत आहोत की गावाचे नाव, हेच स्मरत नसे. आता प्रत्येक रकान्याचे नाव वर कायम दिसते आणि वाचक-प्रणालीलाही कळते. चूक झाल्यास रकाना केवळ लाल होत नाही, तर ‘मोबाइल क्रमांकात १० अंक हवेत, आपण ९ भरले आहेत’ असे शब्दांत सांगितले जाते. आधी भरलेला मजकूर पुसला जात नाही. ओटीपी टाकण्यासाठी अधिक अवधी मागता येतो. वेडीवाकडी अक्षरे ओळखून दाखविण्याची परीक्षा आम्ही काढून टाकली. रुग्णाने आधी डोळ्यांची परीक्षा उत्तीर्ण व्हावी आणि मगच त्याला नेत्रतज्ज्ञांची वेळ मिळावी, हे कोणत्याही न्यायाने योग्य नव्हते.

देखणेपणाविषयी

सुगम्य संकेतस्थळ म्हणजे रूक्ष संकेतस्थळ, अशी एक समजूत आढळते. आरंभी आमचीही तशीच होती. २००३ साली डेव्ह शे या कॅनडातील रचनाकाराने ‘सीएसएस झेन गार्डन’ नावाचा एक उपक्रम सुरू केला. त्यात एचटीएमएलचे एकच पान सर्वांना दिले गेले व केवळ सीएसएस बदलून प्रत्येकाने त्यास आपल्या कल्पनेप्रमाणे रूप द्यावयाचे, अशी अट होती. जगभरातील रचनाकारांनी त्या एकाच मजकुराची एकमेकांशी काडीचेही साम्य नसलेली सुंदर रूपे करून दाखविली. आतील रचना नीट असेल, तर बाहेरील सौंदर्यास तिचा अडथळा होत नाही, हे त्यातून सिद्ध झाले.

आमच्या संकेतस्थळाचे रूप ठरविताना आम्ही थोडेच नियम पाळले. रंग तीनच, फाँट एकच, आणि प्रत्येक पानावर मेनू त्याच जागी. तिरपी अक्षरे देवनागरीत वाचण्यास कठीण जातात, म्हणून ती टाळली. मोकळी जागा भरपूर ठेवली. चिंतेत असलेल्या माणसाला गजबजलेले पान पाहवत नाही. रुग्णालयाच्या भिंतींना आपण शांत रंग देतो, व्हरांड्यात कुंड्या ठेवतो, त्यामागे रोग्याच्या मनाला बरे वाटावे हाच हेतू असतो. संकेतस्थळाच्या देखणेपणामागे आमचा याहून वेगळा हेतू नाही.

कायद्याची बाजू

२०११ च्या जनगणनेनुसार भारतात २.६८ कोटी दिव्यांग व्यक्ती असून, त्यांपैकी सुमारे ५० लाख व्यक्तींना दृष्टिदोष आहे. संयुक्त राष्ट्रांचा दिव्यांग हक्कविषयक करार भारताने २००७ साली स्वीकारला. २०१५ साली सुगम्य भारत अभियान सुरू झाले, आणि दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये माहिती व संपर्क साधने सुगम्य असण्याची तरतूद करण्यात आली. शासकीय संकेतस्थळांसाठी २००९ पासून वेगळी मार्गदर्शक तत्त्वे आहेत.

अलीकडील दोन निकालांचा उल्लेख आवश्यक आहे. राजीव रतुरी विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये सांगितले, की सुगम्यतेची मानके केवळ शिफारसवजा असून चालणार नाहीत, त्यांतील किमान भाग बंधनकारक असावयास हवा. ३० एप्रिल २०२५ रोजी प्रज्ञा प्रसून विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात, डिजिटल सेवांपर्यंत पोहोच हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचाच भाग असल्याचे न्यायालयाने स्पष्ट केले. धर्मादाय संस्थेने कायद्याच्या धाकाची वाट पाहू नये, हे खरेच. तथापि, जे काम आम्ही उशिरा का होईना हाती घेतले, ते दयेपोटी केलेले नाही, त्यावर रुग्णाचा हक्क आहे, हे या निकालांनी आम्हांस नेमकेपणाने सांगितले.

वाचकांनी स्वतः करून पाहावे

संकेतस्थळ सुगम्य आहे की नाही, हे पाहण्यास तज्ज्ञच लागतो असे नाही. पुढील पाच गोष्टी कोणीही करून पाहू शकेल. आमच्याच नव्हे, तर आपल्या बँकेच्या, शाळेच्या किंवा मंडळाच्या संकेतस्थळावरही त्या करून पाहाव्यात.

१. माऊस बाजूला ठेवावा आणि केवळ टॅब कळ दाबत पानावरून पुढे जावे. आपण सध्या कोठे आहोत, हे प्रत्येक वेळी ठळकपणे दिसले पाहिजे.

२. पान दुपटीने मोठे करून पाहावे. मजकूर एकमेकांवर चढू नये किंवा कडेला कापला जाऊ नये.

३. फोन घेऊन उन्हात उभे राहावे. जे वाचता येत नाही, त्याचा रंग चुकला आहे असे समजावे.

४. मराठी मजकुरातील एखादा शब्द बोटाने निवडून पाहावा. निवडता येत नसेल, तर बहुधा ते चित्र आहे.

५. फोनमधील वाचून दाखविण्याची सोय सुरू करावी, डोळे मिटावेत आणि संस्थेचा दूरध्वनी क्रमांक शोधून पाहावा.

पाचवी गोष्ट आमच्या कार्यालयातील प्रत्येकाने एकदा केली. जुन्या संकेतस्थळावर हा क्रमांक आमच्यापैकी कोणालाही सापडला नाही. त्या दिवसानंतर या कामाच्या आवश्यकतेविषयी कार्यालयात चर्चा उरली नाही.

राहिलेले काम

सर्व काही साध्य झाले, असा दावा आम्ही करीत नाही. संस्थेचे जुने वार्षिक अहवाल अद्याप स्कॅन केलेल्या चित्रांच्या स्वरूपातच आहेत, ते मजकुरात आणावयाचे आहेत. प्रयोगशाळेचे अहवाल रुग्णास पीडीएफच्या रूपाने मिळतात, त्यांतील कोष्टके वाचक-प्रणालीस अजून नीट समजत नाहीत. कर्णबधिरांसाठी प्रवेशप्रक्रियेची चित्रफीत खुणांच्या भाषेत करण्याचा विचार आहे. स्वयंचलित तपासणीने काही दोष सापडतात, सर्व सापडत नाहीत. म्हणून वापरणाऱ्यांकडूनच तपासून घेण्याची पद्धत आम्ही स्वीकारली आहे. हे काम एकदा करून संपणारेही नाही. नवी सूचना घाईने स्कॅन करून लावली, की जुनी चूक परत येते. यास्तव, कोणतीही सूचना टाइप केल्याखेरीज संकेतस्थळावर चढवू नये, असा कार्यालयीन आदेश काढण्यात आला आहे.

ज्या गृहस्थांच्या अडचणीतून हे सर्व सुरू झाले, त्यांनाच आम्ही नवे संकेतस्थळ तपासण्याची विनंती केली होती. ते पत्नीच्या पुनर्तपासणीसाठी आले असता कार्यालयात बसले, आपला फोन काढला आणि निर्धन रुग्ण योजनेचे पान प्रथमपासून शेवटपर्यंत ऐकले. त्यानंतर त्यांनी दोन दोष दाखवून दिले. अर्जासोबत लागणाऱ्या कागदपत्रांची यादी पानाच्या अगदी तळाशी होती, ती वर आणावी असे त्यांचे म्हणणे होते. आणि ‘येथे क्लिक करा’ असे चार दुवे एकापाठोपाठ ऐकू येतात, त्यांतील कोणता कशाचा हे कळत नाही, हे त्यांनी सांगितले. दोन्ही दुरुस्त्या त्याच आठवड्यात करण्यात आल्या. त्या दुव्यांची नावे आता ‘अर्जाचा नमुना’, ‘उत्पन्नाचा दाखला’, ‘शिधापत्रिका’ आणि ‘समाजसेवा विभागाची वेळ’ अशी आहेत.

देणगीदारांच्या रुपयाचा विनियोग कसा झाला, याचे उत्तर यात आले आहे अशी आमची धारणा आहे.  आपणांपैकी ज्यांना संकेतस्थळ वापरताना काहीही अडचण येईल, त्यांनी ती आमच्या कार्यालयास अवश्य कळवावी. इमारतीच्या दारातील पायरी आमच्या रोज नजरेस पडते. संकेतस्थळावरील पायरी मात्र अडखळणाऱ्याने सांगितल्याशिवाय आम्हांस दिसत नाही.